कार्ड तुमच्या नावाचं, पिन कुणाच्या डोक्यात?

या आठवड्याचं पत्र सांगली जिल्ह्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेचं आहे. वय ६१. मे महिन्यात त्या आणि त्यांचे यजमान पहिल्यांदाच परदेशी निघाले आहेत. जर्मनीत श्टुटगार्टला मुलगी राहते, तिच्याकडे ८० दिवस. मध्ये चार दिवस स्वित्झर्लंड आणि चार दिवस झेक प्रजासत्ताकातलं प्राग, हे दोघंच. खर्चासाठी तीन लाख रुपये बाजूला काढलेत. यजमानांचं म्हणणं, सगळे युरो रोख घ्यायचे आणि कमरेच्या पट्ट्यात ठेवायचे. बँकेत काम करणारा एक मुलगा क्रेडिट कार्ड घ्या म्हणतो, पुतण्या फॉरेक्स कार्ड (आधीच परकी चलन भरून ठेवायचं कार्ड) म्हणतो, शेजारच्यांच्या मते आता यूपीआय सगळीकडे चालतं. आणि जावई म्हणतात, ‘आई, काहीच आणू नका, आम्ही आहोत ना.’ हेच वाक्य बाईंच्या मनाला लागलंय. त्या लिहितात : ‘जावयाच्या पाकिटाकडे बघत अडीच महिने काढायचे नाहीत मला. नातीला सायकल घ्यायची आहे, तीही माझ्या पेन्शनमधून. पेन्शनच्या खात्याचं एटीएम कार्ड माझ्या नावाचं आहे, पण व्यवहार सगळे हेच बघतात, खात्याला मोबाईल नंबरही यांचाच आहे. मला एकच खात्रीचं कार्ड सांगा, जे जवळ असलं की काळजी मिटली.’

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. विचारलंय तुम्ही कार्डाबद्दल, पण सलतंय ते वेगळंच. आयुष्यभर पगार मिळवला, आता पेन्शन येते, आणि तरी त्या पैशाला आपला हात लागत नाही. दोन्हींबद्दल बोलू या, कारण परदेशातल्या दुकानाच्या काउंटरवर हे दोन्ही प्रश्न एकदमच समोर येतात.

आधी नाही म्हणायचं ते म्हणून टाकते. जवळ असलं की काळजी मिटली असं एक कार्ड नसतं. मीही एकेकाळी तेच शोधत होते. सात-आठ वर्षांपूर्वी मावसबहिणीबरोबर व्हिएन्नाला गेले होते. जवळ माझ्या पगाराच्या खात्याचं एकच डेबिट कार्ड. शनिवारी रात्री आठच्या सुमाराला एटीएमवर गडबडीत पिन चुकला. एकदा, दोनदा, तीनदा, आणि कार्ड बंद. कार्डाच्या मागं छापलेला नंबर लावला तर तो १८०० नं सुरू होणारा, भारताबाहेरून लागेचना. नेटबँकिंगवरून पिन बदलायला गेले तर ओटीपी गेला पुण्यात नवऱ्याच्या फोनवर. तिकडे साडेअकरा वाजलेले, तो झोपलेला. खात्यात पैसे होते, माझेच होते. पण रविवारचा अख्खा दिवस मी बहिणीकडून वीस-वीस युरो मागून घेतले. ती आनंदानं देत होती आणि मला प्रत्येक वेळी कसंतरी होत होतं. म्हणून तुमच्या जावयाबद्दलचं वाक्य मला लगेच कळलं.

त्या दिवशी बँक चुकली नव्हती की कार्ड वाईट नव्हतं. माझ्याकडे दुसरी वाट नव्हती आणि जी एक होती तिची किल्ली दुसऱ्याच्या खिशात होती. म्हणून कोणतं कार्ड हे ठरवण्याआधी मी तुम्हाला दोन गोष्टी विचारते. पैसे हाती येण्याच्या किती वाटा तुमच्याकडे असतील? आणि त्यातल्या किती तुम्हाला एकटीला, कुणालाही फोन न करता, वापरता येतील? आज तुमच्या पत्रावरून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शून्य आहे. निघायला अजून वेळ आहे, तेवढ्यात ते बदलता येईल.

सुरुवात फोन नंबरापासून करा. पासबुक आणि आधार घेऊन शाखेत जा आणि पेन्शनच्या खात्याला तुमचा स्वतःचा मोबाईल नंबर लावून घ्या. निदान महिना-दीड महिना आधी जा, कारण नंबर बदलल्यावर काही बँका थोडे दिवस काही व्यवहार रोखून धरतात. मग त्या नंबरावर बँकेचं ॲप स्वतःच्या फोनमध्ये, स्वतःच्या हातानं सुरू करा. नातेवाइकांपैकी कुणी तरुण पोरगं ‘द्या काकू, मी करून देतो’ म्हणेल. त्याला शेजारी बसवा, पण बोट तुमचंच चालू दे.

यजमानांना हे कसं सांगायचं हा प्रश्न तुमच्या मनात असणार. ‘माझे व्यवहार मी बघणार’ असं म्हटलंत तर चाळीस वर्षांचा हिशेब निघेल. त्यापेक्षा खरी अडचण सांगा : तिकडे तुम्हाला ताप आला, पाय मुरगळला, तर औषधाचे पैसे कोण काढणार? मला मशीन चालवता यायला हवं की नको? हे निमित्त म्हणून सांगत नाही. साठीपुढच्या जोडप्यांच्या प्रवासात घडू शकणारी ही अगदी साधी गोष्ट आहे. त्यांनाही ती पटेल.

आता यजमानांच्या कमरेच्या पट्ट्याबद्दल. त्यांना हसू नका. आपल्या आधीच्या पिढ्या काशीयात्रेला निघायच्या तेव्हा पैसे कनवटीला नाहीतर बंडीच्या चोरखिशात असायचे, कारण दुसरा उपाय नव्हता. त्यांची भीती खरी आहे, फक्त उपाय जुना झालाय. नियमानं बघितलं तर जर्मनीसारख्या देशात जाताना माणशी, दर फेरीला ३,००० डॉलरपर्यंतची परकी रोकड नेता येते. म्हणजे तीन लाखांचे युरो दोघांच्या नावांवर मिळून बसतातही. पण पट्टा गेला तर सगळंच गेलं. कार्ड हरवलं तर मिनिटभरात बंद करता येतं, नोटा बंद करता येत नाहीत. आणि प्रवासविम्याच्या कागदात रोख रकमेच्या भरपाईचं कलम वाचून बघा, बहुधा ती नसतेच किंवा अगदी नाममात्र असते. पट्टा घ्या जरूर, पण त्यात पासपोर्ट आणि दोनशे युरो ठेवा.

रोख अजिबात नको असंही मी म्हणणार नाही, कारण तुम्ही जर्मनीत चालला आहात. युरोपातल्या पुढारलेल्या देशात सगळं कार्डावर चालत असेल असं आपल्याला वाटतं. स्वीडनमध्ये ते बरंचसं खरं आहे, जर्मनीत नाही. तिथल्या कोपऱ्यावरच्या बेकरीत, आठवडी बाजारात, छोट्या खानावळीत आजही ‘नुर बार’ अशी पाटी दिसेल, म्हणजे फक्त रोख. काही दुकानांत ‘ईसी कार्ड’ असं लिहिलेलं असतं. ते तिथल्या बँकांचं देशी कार्ड, तिथं आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड चालेलच असं नाही. सार्वजनिक स्वच्छतागृहाला नाणं लागतं, सुपरमार्केटची ट्रॉली साखळीतून सोडवायला एक युरोचं किंवा पन्नास सेंटचं नाणं लागतं. पाण्याची रिकामी बाटली परत दिली की २५ सेंट मिळतात, ते मात्र तुमची नात शिकवेल.

तेव्हा दोघांत मिळून चारशे-पाचशे युरो इथूनच न्या. दहा, वीस आणि पन्नासच्याच नोटा मागून घ्या. शंभर आणि दोनशेची नोट छोटा दुकानदार घेत नाही. नाणी इथं मिळणार नाहीत, ती पहिल्या चहाच्या सुट्ट्या पैशांतून साठवा. युरो बँकेतून किंवा रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या मनीचेंजरकडूनच घ्या आणि पावती जपा. पन्नास हजार किंवा त्याहून जास्त रुपयांचं परकी चलन रोख रुपये मोजून घेता येत नाही, खात्यातूनच पैसे द्यावे लागतात. विमानतळावरच्या काउंटरवर घ्यायचं शक्यतो टाळा, तिथला दर जवळजवळ नेहमीच महाग असतो. पन्नास हजारांमागं दोन-अडीच हजारांचा फरक मी स्वतः पाहिलाय.

आता कार्डं. आपलं साधं डेबिट किंवा क्रेडिट कार्ड परदेशात वापरलं की बहुतेक बँका रकमेवर साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे चलन बदलण्याचा जादा आकार, लावतात. त्या साडेतीनावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे झाले ४.१३ टक्के. तुमचे तीन लाख असेच खर्च झाले तर १२,३९० रुपये नुसत्या या आकारात गेले, नातीच्या सायकलीचा साधारण तिसरा हिस्सा. म्हणून पुतण्याचं म्हणणं चूक नाही. फॉरेक्स कार्डावर आधी युरो भरून ठेवता येतात, भरलेल्या दिवसाचा दर पक्का होतो, आणि युरोच्या देशात युरो खर्च करताना हा मार्कअप लागत नाही.

पण फॉरेक्स कार्ड फुकट नसतं. बँक तुम्हाला ज्या दरानं युरो विकते, त्या दरातच तिची कमाई असते. म्हणून ‘मार्कअप किती’ एवढंच विचारून उठू नका. काउंटरवर विचारा : सगळे आकार आणि कर धरून, एक हजार युरो कार्डावर यायला माझ्या खात्यातून एकूण किती रुपये जातील? हा एक आकडा दोन-तीन ठिकाणी विचारलात की कोण स्वस्त ते आपोआप कळतं. काही बँका मार्कअप नसलेली डेबिट आणि क्रेडिट कार्डंही देतात. तिथं वार्षिक फी किती आणि खात्यात किमान किती शिल्लक ठेवायची ते आधी विचारा. एकदाच्या प्रवासासाठी एवढं सगळं परवडतं का ते बघावं लागेल. वर्षाआड मुलीकडे जायचं असेल तर परवडेल.

बँकेतला तो मुलगा सांगतो ते क्रेडिट कार्ड एका कामासाठी मलाही पटतं. स्वित्झर्लंडमधल्या हॉटेलात तुम्ही पोचाल तेव्हा खोलीच्या भाड्याशिवाय शे-दोनशे फ्रँक अनामत म्हणून कार्डावर अडकवून ठेवतील. ही रक्कम कापली जात नाही, धरून ठेवली जाते, आणि सुटायला कधी आठ तर कधी पंधरा दिवस लागतात. फॉरेक्स किंवा डेबिट कार्ड दिलंत तर तेवढे दिवस तुमचे स्वतःचे पैसे अडकतात. क्रेडिट कार्डावर अडकली ती फक्त खर्चाची मर्यादा. निवृत्तांना क्रेडिट कार्ड मिळत नाही असं बऱ्याच जणांना वाटतं. मुदतठेवीवर मिळतं, ठेव तारण ठेवून, आणि ठेवीवरचं व्याज चालू राहतं. हे यजमानांच्या नावे घ्या. मात्र क्रेडिट कार्डानं एटीएममधून रोख कधीही काढायची नाही, त्याच दिवसापासून व्याज सुरू होतं आणि वर फी वेगळी.

यूपीआयबद्दल शेजाऱ्यांनी अर्धं खरं सांगितलंय. भूतानला ते २०२१ मध्ये पोचलं, नंतर नेपाळ, श्रीलंका, मॉरिशस, संयुक्त अरब अमिरातीत ठिकठिकाणी चालू लागलं. २०२४ मध्ये पॅरिसच्या आयफेल टॉवरची तिकिटंही त्यावर मिळू लागली. पण श्टुटगार्टच्या ट्राममध्ये किंवा भाजीच्या दुकानात त्यावर विसंबू नका.

मग तुमच्यासाठी मी काय ठरवेन? युरो भरलेलं फॉरेक्स कार्ड तुमच्या नावानं. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट आणि पॅन घेऊन तुम्ही स्वतः जाऊन घ्यायचं. त्यात साधारण दीड लाखाचे युरो भरा. उरलेले पैसे इथंच खात्यात राहू द्या, लागले तर तिकडून ॲपवरून भरता येतात. ती सोय त्या बँकेत आहे ना आणि तुमच्या फोनवर चालते ना, हे निघण्याआधी हजार-दोन हजार भरून बघा. ठेवीवरचं क्रेडिट कार्ड यजमानांकडे. आणि तिसरं, तुमचं डेबिट कार्ड. पण पेन्शनच्या खात्याचं नको. ज्या खात्यात दर महिन्याचं अन्न येतं त्याचं कार्ड परक्या गावच्या मशीनमध्ये घालू नये, असं माझं ठाम मत आहे. शक्यतो वेगळ्या बँकेत तुमच्या एकटीच्या नावानं छोटं बचत खातं उघडा, त्यात चाळीस-पन्नास हजार ठेवा आणि त्याचं व्हिसा किंवा मास्टरकार्ड घ्या. तिन्ही कार्डं एका पाकिटात ठेवायची नाहीत. दोन बाहेर न्यायची, एक मुलीच्या घरी कपाटात.

डेबिट कार्ड घेतलं की ते परदेशात लगेच चालत नाही. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं नवं कार्ड फक्त देशात चालू असतं, परदेशातला वापर आपण स्वतः सुरू करायचा असतो. ॲपमध्ये कार्डाच्या पानावर ‘इंटरनॅशनल’ असा भाग असतो आणि त्यात एटीएम, दुकानातलं मशीन, ऑनलाइन अशी वेगवेगळी बटणं असतात. लोक एक सुरू करतात आणि झालं समजतात. एटीएम आणि दुकान ही दोन सुरू करा, ऑनलाइन बंदच ठेवा, कारण बाहेरच्या कितीतरी वेबसाइटवर ओटीपी न विचारताच पैसे जातात. तिथंच रोजची मर्यादाही ठरवता येते.

आणि मग, ताई, सराव. सांगलीतल्या विश्रामबाग भागातल्या कुठल्याही एटीएमवर एकट्या जा. पाचशे रुपये काढा. परवा पुन्हा जा. किराणा दुकानात आणि औषधाच्या दुकानात फोन पुढं न करता कार्ड द्या आणि पिन दाबा. आठ-दहा वेळा केलंत की बोटांना सवय होते. पिन तुमचा तुम्ही ठरवा, जन्मसाल नको, लग्नाची तारीख नको. वर्गाच्या पटावरचा एखादा जुना आकडा आठवत असेल तर तो घ्या. मी व्हिएन्नात चुकले ते पिन विसरले म्हणून नाही. मागं रांग होती, भाषा परकी होती आणि हात थरथरत होता. दोनदा चुकला तर तिसऱ्यांदा प्रयत्न करू नका. कार्ड काढून घ्या, बाजूला जाऊन शांतपणे आठवा.

भारतातलं सिम फोनमधून काढू नका, हेही आत्ताच सांगते, कारण विमानतळावर बहुतेक जण तेच करतात. तिकडचं सिम घातलं की इथलं पाकिटात जातं, ओटीपी बंद आणि बँकेची बरीचशी ॲपंही बंद. दोन सिमचा फोन असेल तर दोन्ही राहू द्या. निघण्याआधी रोमिंग सुरू करून घ्या आणि ८० दिवस पुरेल असं रिचार्ज करा. मे मध्ये गेलात आणि जूनमध्ये रिचार्ज संपलं, तर जुलैत ओटीपी येणार नाही.

आता दोन प्रसंग आधीच डोळ्यांसमोर आणून देते, कारण खरा पैसा तिथं जातो.

पहिला, एटीएमचा. सोप्या हिशेबासाठी एक युरो शंभर रुपयांचा धरू. तुम्ही डेबिट कार्डानं पन्नास युरो काढलेत, म्हणजे पाच हजार रुपये. मार्कअपचे २०६ रुपये, इथल्या बँकेचे दर वेळचे साधारण दीडशे आणि त्यावर जीएसटी, आणि तिथल्या मशीननं पाच युरो घेतले तर त्याचे पाचशे. पाच हजार काढायला जवळजवळ नऊशे गेले. तेच एकदम तीनशे युरो काढलेत तर तीस हजारांवर एकोणीसशेच्या आसपास. म्हणून थोडं-थोडं काढायची आपली सवय तिथं सोडा. महिन्यातून एकदा, बँकेच्या शाखेला लागून असलेल्या मशीनमधून, शाखा उघडी असताना काढा, कार्ड अडकलं तर आत जाऊन सांगता येतं. स्टेशनवर आणि पर्यटकांच्या चौकात उभी असलेली एकटी-दुकटी मशिनं टाळा.

दुसरा प्रसंग दुकानातला, आणि हा नीट लक्षात ठेवा. तुम्ही साठ युरोंचे बूट घेतलेत. दुकानदार मशीन तुमच्यापुढं धरतो. त्यावर दोन ओळी असतात : वर ‘ईयूआर ६०.००’, खाली ‘आयएनआर’ आणि सहा हजारांच्या वरचा काहीतरी आकडा. रुपये बघून आपल्याला बरं वाटतं, आपल्या गावचं कुणी भेटल्यासारखं. दुकानदारही अगदी सहज म्हणतो, रुपयांत करू ना? नाही म्हणायचं. युरोच निवडायचे. रुपयांचा तो आकडा तुमच्या बँकेनं काढलेला नसतो, त्या मशीनमागच्या कंपनीनं स्वतःचा दर लावून काढलेला असतो. त्यात चार-पाच टक्क्यांपासून दहा-बारा टक्क्यांपर्यंत चढवलेलं असतं. वर आपल्या बऱ्याच बँका परदेशातला व्यवहार म्हणून आपला आकारही लावतात. म्हणजे एकाच बुटासाठी दोनदा कापले जातो.

एटीएमवर हाच प्रश्न जरा घाबरवणाऱ्या शब्दांत येतो. मोठ्या अक्षरात दर दाखवून मशीन विचारतं, ‘ॲक्सेप्ट कन्व्हर्जन’ की ‘डिक्लाइन कन्व्हर्जन’. डिक्लाइन दाबलं तर पैसेच मिळणार नाहीत असं वाटून माणसं ॲक्सेप्ट दाबतात. ताई, डिक्लाइन दाबा. पैसे येतात. फक्त रुपयांत बदलायचं काम ते मशीन करत नाही, तुमची बँक करते. ‘डिक्लाइन कन्व्हर्जन’ हे दोन इंग्रजी शब्द एका चिठ्ठीवर लिहून कार्डाच्या पाकिटात ठेवा. पिन मात्र त्या चिठ्ठीवर नको.

स्वित्झर्लंड आणि प्रागमध्ये युरो नाही हे पुतण्यानं सांगितलं नसेल. स्विस फ्रँक तुमच्या फॉरेक्स कार्डावर आधी भरता येत असतील तर चार दिवसांपुरते भरा. झेक कोरुना बहुतेक आपल्या कार्डांवर भरताच येत नाही, तिथं युरोतून कोरुना होताना दोन-साडेतीन टक्के जातील. चार दिवसांच्या खर्चावर ते सोसा, त्यासाठी रोख बदलत बसू नका. प्रागच्या जुन्या चौकात ‘शून्य टक्के कमिशन’ अशा पाट्या दिसतील. कमिशन शून्यच असतं, दर वाईट असतो. चुकून तिथं बदललेतच तर पावती टाकू नका. झेक कायद्यानं २०१९ पासून हजार युरोपर्यंतचा असा व्यवहार तीन तासांत रद्द करता येतो. आणि किल्ल्याकडे जाणारी २२ नंबरची ट्राम पाकीटमारांसाठी कुप्रसिद्ध आहे, तिथं पर्स पोटाशी धरा.

कार्ड हरवलं तर आधी ॲपमधून बंद करा, मग बँकेला फोन. त्यासाठी १८०० चा नव्हे, +९१ नं सुरू होणारा नंबर आत्ताच बँकेच्या साइटवरून शोधून वहीत लिहा आणि एक प्रत मुलीकडे द्या. तुमची चूक नसताना पैसे गेले असतील तर किती लवकर कळवलंत यावर भरपाई ठरते. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमात पूर्ण संरक्षणासाठी तीन कामकाजाचे दिवस होते. म्हणून ‘घरी गेल्यावर बघू’ नको, त्याच तासाला कळवा.

कराची भीती कुणी घातली असेल तर ती सोडा. परदेशी पाठवलेल्या किंवा नेलेल्या रकमेवर आधीच कापला जाणारा कर, ज्याला टीसीएस म्हणतात, तो १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला माणशी १० लाखांपर्यंत लागत नाही. प्रवासी कंपनीची तयार सहल घेतली तर नियम वेगळे, पण तुम्ही ती घेतलेली नाही.

हे पत्र वाचून दुसरीकडे निघालेल्यांनाही दोन शब्द. नेपाळ-भूतानला फॉरेक्स कार्ड चालतच नाही, ते घेऊ नका. थायलंडमध्ये एटीएम परक्या कार्डावर दर वेळी २२० बाट किंवा जास्त घेतं, तिथं एकदाच मोठी रक्कम काढा. जपानमध्ये सेव्हन-इलेव्हन दुकानांतल्या एटीएमवर बाहेरची कार्डं चालतात. रुपयांत की स्थानिक चलनात, या प्रश्नाचं उत्तर मात्र सगळीकडे एकच.

आता जावई. ‘काहीच आणू नका’ हे त्यांनी मनापासून म्हटलेलं दिसतंय आणि तुम्हाला त्यात टोचलं, दोन्ही खरं आहे. पण ताई, तुम्ही एक गृहीत धरलंय की त्यांचे पैसे लागले की आपण मिंधे झालो. मुलगी शिकत असताना तिच्या खोलीचं भाडं तुम्ही भरलं असेल, तेव्हा ती मिंधी झाली होती का? रोजच्या घरखर्चात ते तुम्हाला हात घालू देणार नाहीत आणि तिथं आग्रह धरू नका, घर त्यांचं आहे. मात्र आपल्या दोघांच्या फिरण्याचा खर्च आपला, हे निघण्याआधीच फोनवर मुलीला सांगून टाका. तिथल्या रेल्वेची तिकिटं तिच्या कार्डानं काढणं सोपं पडेल, स्वस्तही पडेल. काढू द्या, आणि त्याच संध्याकाळी तेवढे युरो तिच्या हातात द्या. ती नको म्हणेल. मग फ्रिजवर एक पाकीट लावा आणि त्यात ठेवत जा. आठवड्याचा भाजी-बाजार एकदा तुम्ही दोघांनी करून आणा. जावई काही बोलणार नाहीत, भेंडी मिळाली तर खूशच होतील.

परत येताना नाणी आणू नका, इथं कुणी बदलून देत नाही. ती नातीच्या गल्ल्यात जाऊ द्या. दोन हजार डॉलरपर्यंतच्या नोटा पुढच्या खेपेसाठी जवळ ठेवता येतात. त्याहून जास्तीच्या नोटा आणि कार्डावर उरलेले युरो परत आल्यावर १८० दिवसांत बँकेत द्या.

आणि सायकल. ती रोखीनं घेऊ नका, फॉरेक्स कार्डावर घ्या, म्हणजे पावती आणि नोंद दोन्ही राहतील, हमीच्या काळात काही बिघडलं तर कामी येईल. तिथं चांगली सायकल तीन-चारशे युरोंना पडेल. फॉरेक्स कार्डाला दिवसाची मर्यादा असते, ती तेवढी आहे का ते आदल्या रात्री ॲपमध्ये बघून ठेवा, कमी असेल तर वाढवा. नात सोबत असणार, दुकानात मशीन ‘नाही’ म्हणायला नको.

तुमची,
ताई
(सल्ला सदर)